दाहशूरचा वाकलेला पिरॅमिड: कधी जावं, कसं जावं, आत कसं उतरावं

इजिप्तच्या सहलींच्या कार्यक्रमात गिझा असतोच. वेळ उरला तर सक्काराही असतो. दाहशूरचं नाव मात्र क्वचितच दिसतं. कैरोपासून दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, वाळवंटाच्या काठाला असलेल्या या गावाशेजारी स्नेफेरू राजाने दोन मोठे पिरॅमिड बांधले. त्यातला एक निम्म्या उंचीवर चक्क वाकला आहे. त्याच्या बाजू खाली ताठ चढत जातात, मध्येच कल मोडतो आणि तिथून वर त्या बऱ्याच सौम्य उताराने निमुळत्या होतात. इंग्रजीत त्याला बेंट पिरॅमिड म्हणतात, अरबीत अल-हरम अल-मुनहनी.

स्नेफेरू हा चौथ्या राजवंशाचा पहिला राजा, काळ साधारण इ.स.पू. २६००. गिझाचा भव्य पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूचा हा बाप. दाहशूरचे दोन आणि दक्षिणेला मेदुमचा एक, अशा स्नेफेरूच्या तीन मोठ्या पिरॅमिडांमधला दगड एकत्र केला तर तो खुफूच्या पिरॅमिडापेक्षा जास्त भरतो. तरी प्रसिद्धी सगळी मुलाच्या वाट्याला गेली.

इथे जाण्याचं खरं कारण असं, की पायऱ्यांच्या पिरॅमिडापासून गुळगुळीत बाजूंच्या पिरॅमिडापर्यंत माणूस कसा पोचला, ते दाहशूरला दगडातच दिसतं. गिझाला तयार उत्तर उभं आहे, दाहशूरला त्याची खाडाखोड. ती वाचता यायला हवी असेल तर काय आधी आणि काय नंतर पाहायचं, याला महत्त्व आहे. त्याकडे येतोच. आधी तयारी.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वात सुखाचा काळ. ऑक्टोबर आणि मार्चही चालतात, पण मार्चपासून मे महिन्यापर्यंत मधूनच खमासीन नावाचे गरम, धुळीचे वारे सुटतात आणि मग समोरचा पिरॅमिडही धुरकट दिसतो. जून ते ऑगस्टमध्ये जायची वेळ आलीच तर सकाळी उघडताच पोचा आणि दुपारच्या आत परत फिरा, कारण या पठारावर झाडाची सावली म्हणून नाही. शुक्रवार-शनिवार ही तिथली सुट्टी. दाहशूरला त्या दिवशीही गिझासारखी झुंबड नसते, तरी निवड असेल तर आठवड्यातला मधला वार बरा. रमजानमध्ये बहुतेक स्थळं लवकर बंद होतात. तुमच्या तारखा त्या महिन्यात येत असतील तर वेळा आधी बघून ठेवा.

व्हिसा, विमान, पैसे

यावर फार लिहीत नाही. मुंबईहून कैरोला इजिप्तएअरचं थेट विमान आहे आणि इजिप्तचा वाणिज्य दूतावासही मुंबईत आहे. भारतीयांसाठी व्हिसाचे नियम बदलत राहतात. जुन्या लेखांवर, या लेखावरही, विसंबू नका. तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून सध्याचा नियम विचारून घ्या. ड्रोन घरीच ठेवा, विमानतळावर जप्त होतो.

पैशांबाबत दोन गोष्टी लक्षात असू द्या. सरकारी पुरातत्त्व स्थळांची तिकिटं आता बहुतेक ठिकाणी कार्डनेच घ्यावी लागतात, म्हणून परदेशात चालणारं कार्ड सुरू करूनच निघा. दुसरं, पाच, दहा, वीस इजिप्शियन पौंडांच्या सुट्ट्या नोटा खिशात हव्यात. का, ते पुढे येईल. दाहशूरचं तिकीट गिझाच्या मानाने बरंच स्वस्त आहे. गिझाला पिरॅमिडाच्या आत जायचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं, तसं इथे नाही. आत जाणं याच तिकिटात येतं. विद्यार्थी असाल तर ओळखपत्र सोबत ठेवा, सवलत मिळते.

गाडी कशी करावी

इथे बरेच जण फसतात. कैरोत उबर सहज मिळते, दाहशूरपर्यंत ती येतेही. परतताना मात्र त्या पठारावर उभं राहून फोनकडे कितीही पाहिलं तरी गाडी येत नाही. शिवाय दरवाजापासून पहिला पिरॅमिड आणि तिथून दुसरा, ही अंतरं उन्हात चालण्याजोगी नाहीत. म्हणून दिवसभराची गाडी करणं हाच शहाणपणा. हॉटेलला सांगा, किंवा आदल्या दिवशीचा उबरवाला बरा वाटला तर त्याच्याशीच ठरवा. ठरवताना चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: कोणकोणती ठिकाणं, किती तास, प्रत्येक ठिकाणी थांबण्याचा वेळ धरलेला आहे का, आणि पार्किंगचे पैसे कोणाचे. वाटेत गालिचे विणण्याची शाळा किंवा पपायरसचं दुकान नको, हेही हसत हसत आत्ताच सांगून टाका. चालकाला तिथे कमिशन मिळतं आणि तुमचा सकाळचा सोन्यासारखा तास जातो.

गिझाहून निघालात तर रहदारीप्रमाणे पाऊण ते सव्वा तास धरा. रस्ता कालव्याकाठाने, खजुराच्या बागांमधून जातो. दाहशूर गावातून बाहेर पडलात की शेती एकदम संपते आणि वाळवंट लागतं. नाईलचं पाणी जिथवर पोचतं तिथवर हिरवं आणि एका पावलापुढे पिवळं. ही सीमा इतकी ठळक असते की नवख्या माणसाला ती कोणी मुद्दाम आखल्यासारखी वाटते.

१९९६ पर्यंत हा भाग लष्करी हद्दीत होता आणि पर्यटकांना बंद होता. आजही शेजारी लष्कराचा तळ आहे. पिरॅमिडांचे फोटो हवे तेवढे काढा, मात्र तळाच्या दिशेने कॅमेरा धरू नका.

दिवसाचा क्रम

बहुतेक गाईड सकाळी सक्कारा, मग मेम्फिस ही जुनी राजधानी आणि शेवटी दाहशूर असा क्रम लावतात. मी तो उलटा करायला सांगेन. सकाळी आठच्या सुमाराला दाहशूरला पोचा, कारण आत उतरायला ताजे पाय आणि थंड हवा लागते. सक्काराचं बरंचसं पाहणं जमिनीवरून होतं, ते दुपारीही निभावतं. त्याच वेळी पर्यटकांच्या बसही तिथून पांगायला लागलेल्या असतात.

आता दाहशूरच्या आतला क्रम. तिकीटघरातून पुढे गेलात की आधी लागतो लाल पिरॅमिड. सगळ्या गाड्या तिथेच थांबतात. चालकाला सांगा, आधी वाकलेल्याकडे, इथे परतताना थांबू. तो थोडा चकित होईल, होऊ द्या. वाकलेला आधी बांधला गेला, लाल नंतर. त्याच क्रमाने पाहिलं तर लाल पिरॅमिडाचा उतार इतका सौम्य का, हा प्रश्न पडण्याआधीच त्याचं उत्तर तुमच्याकडे असतं.

बाहेरून: घाई करू नका

गाडीतून उतरून सरळ प्रवेशद्वाराकडे जाऊ नका. आधी शंभरेक पावलं मागे सरून एका कोपऱ्याच्या दिशेने उभे राहा. समोरून पाहिलं तर वाक थोडा सपाट वाटतो. कोपऱ्यावरून पाहिला की दोन बाजूंच्या कडा एकाच उंचीवर मोडलेल्या स्वच्छ दिसतात. तळाची बाजू सुमारे १८८ मीटर, उंची सुमारे १०५ मीटर. खालचा कल साधारण ५४ अंशांचा, आणि जमिनीपासून ४७ मीटरच्या आसपास तो बदलून ४३ अंशांवर येतो.

हे का झालं? पिरॅमिड उभा आहे ती जमीन पक्क्या खडकाची नाही, रेव आणि मातीची आहे. अभ्यासकांचा तर्क असा, की सुरुवातीचा बेत याहूनही ताठ, साठ अंशांच्या आसपासचा होता. वजन चढत गेलं तशी जमीन खचू लागली आणि आतल्या दालनांना तडे गेले. मग बाहेरून चारी बाजूंनी दगडाचा जाड पट्टा चढवून तळ रुंद केला आणि कल ५४ वर आणला. तेवढ्याने भागेना, तेव्हा अर्ध्यात कल आणखी कमी केला, म्हणजे वरचं वजनही कमी झालं. आणखी एक बदल कोपऱ्यांवर, जिथे आवरण निघालं आहे तिथे नीट पाहिल्यास कळतो. खालच्या भागात दगडांचे थर आतल्या बाजूला कललेले आहेत. ही जुन्या पायऱ्यांच्या पिरॅमिडांची रीत. वरच्या भागात तेच थर आडवे, समतल होत गेले आहेत आणि पुढच्या पिरॅमिडांनी हीच रीत उचलली. बांधता बांधताच कारागिरांनी पद्धत बदलली.

गाईड हमखास सांगतात, की दक्षिणेचा मेदुमचा पिरॅमिड बांधकाम चालू असताना कोसळला आणि त्या धसक्याने इथला कल बदलला. गोष्ट ऐकायला झकास आहे, पण मेदुम नंतरच्या काळात हळूहळू ढासळला, असं मानणाऱ्या अभ्यासकांची बाजू मला जास्त पटते. गाईडशी वाद घालू नका, पुढे चला.

आता आवरणाकडे बघा. कैरोजवळच्या तुरा इथल्या खाणींतला पांढरा चुनखडी दगड या पिरॅमिडावर अजून मोठ्या प्रमाणावर शाबूत आहे. दुसऱ्या कोणत्याही मोठ्या पिरॅमिडावर इतकं आवरण उरलेलं नाही. गिझाचे पिरॅमिड मुळात पायऱ्यापायऱ्यांचे नव्हते, गुळगुळीत होते, हे पुस्तकात वाचलेलं असतं. ते इथे डोळ्यांना दिसतं. जवळ जाऊन दोन दगडांमधली सांध शोधा. दगडांवर चढू मात्र नका. त्याला बंदी आहे आणि वरून सुटलेले तुकडेही खाली येतात.

पूर्ण फेरी मारा, पाऊण तास लागेल. दक्षिणेला एक छोटा उपपिरॅमिड आहे, आज सुमारे १८ मीटर उंच उरलेला. ईशान्येच्या दिशेने दरीतल्या मंदिराकडे जाणारा बांधीव रस्ता होता. ते मंदिर १९५० च्या दशकात अहमद फखरी या इजिप्शियन पुरातत्त्वज्ञांनी उत्खननात शोधलं. राजाच्या जमीनजुमल्यांना स्त्रीरूप देऊन कोरलेली रांग तिथल्या भिंतींवर सापडली. आज जागेवर पाहण्यासारखं फार थोडं आहे, वेळ कमी असेल तर सोडून द्या. पूर्वेला लांब एक काळा, ओबडधोबड ढिगारा दिसतो, तो बाराव्या राजवंशातल्या तिसऱ्या अमेनेमहेतचा काळा पिरॅमिड. तो कच्च्या विटांचा आहे. वरचं दगडी आवरण लोकांनी नेल्यावर विटा उघड्या पडल्या. तिकडे सहसा जाऊ देत नाहीत, लांबूनच पाहा.

आत जायचं की नाही, हे बाहेरच ठरवा

१९६५ पासून बंद असलेला हा पिरॅमिड दुरुस्तीनंतर जुलै २०१९ मध्ये पर्यटकांसाठी उघडला. दार उघडं आहे म्हणून प्रत्येकाने आत जावंच असं नाही. हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब, गुडघ्याची शस्त्रक्रिया, बंद जागेची भीती यांपैकी काही असेल तर बाहेरची फेरी पुरेशी आहे आणि तीही कमी मोलाची नाही. गड चढायची सवय असलेल्यांना दम लागणार नाही, पण त्यांनीही फुशारकी मारू नये. इथे कस लागतो तो वाकून चालण्याचा, आणि गडावर ती सवय होत नाही. मुलं मात्र मजेत उतरतात, कारण त्यांना वाकावंच लागत नाही.

कपडे मळले तरी चालतील असे, पूर्ण पायाची सुती पँट, तळव्याला पकड असलेले बूट. पाठीवरची सॅक गाडीत ठेवा, ती छताला अडकते. खिशात छोटी विजेरी, रुमाल आणि मास्क एवढंच. आत दिवे आहेत, तरी विजेरी हवी. पाणी आत नेण्यापेक्षा उतरण्याआधी पोटभर प्या. स्वच्छतागृहही आधीच उरका. इथली सोय अगदी जेमतेम आहे.

आत उतरताना

प्रवेश उत्तरेच्या बाजूने आहे, जमिनीपासून सुमारे १२ मीटर उंचीवर. लाकडी जिन्याने तिथवर जायचं. आतला उतार साधारण २६ अंशांचा आणि लांबी ७५ मीटरच्या वर, उंची जेमतेम एक मीटरपेक्षा थोडी जास्त. पायाखाली फळ्या टाकलेल्या आहेत, त्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या आहेत. दोन्ही बाजूंना धरायला कठडे आहेत.

उतरण्याची सोपी रीत म्हणजे पाठ उताराकडे करून, शिडी उतरतो तसं उलटं उतरणं. तोंड वरच्या दाराकडे, हात कठड्यांवर आणि पाय एकेका पट्टीवर. सरळ तोंडाने उतरायला गेलात तर डोकं आपटतं आणि मांड्या लवकर भरून येतात. खालून कोणी वर येत असेल तर त्याला बाहेर पडू द्या, मगच निघा. मध्ये दोघांनी एकमेकांना ओलांडणं दोघांनाही नकोसं होतं.

सुरुवातीच्या बारा-तेरा मीटरवर भिंत आणि छताकडे विजेरी मारा. तिथे दगडांचा सांधा सरकलेला दिसतो. मूळ पिरॅमिड आणि नंतर चढवलेला बाहेरचा पट्टा यांचा हा जोड, असं मानतात. बाहेर जे ऐकलंत त्याचा पुरावा इथे हाताच्या अंतरावर आहे. बहुतेक लोक तो न बघताच पुढे जातात, कारण नजर पायाकडे असते.

खाली पोचल्यावर पाठ सरळ करता येते. अरुंद पण बरंच उंच पूर्वदालन लागतं, तिथून लाकडी जिन्याने खालच्या मुख्य दालनात. इथे थांबा आणि वर बघा. चारी भिंतींचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेलेला आहे, आणि असं करत करत छत सतरा मीटरच्या आसपास उंचीवर एका अरुंद फटीत मिटतं. आपल्याकडच्या हेमाडपंती मंदिरांची आतली छतं पाहिलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. कमान न बांधता वरचं वजन बाजूंना उतरवण्याचा तो एक जुना, भरवशाचा उपाय.

इथून वर आणखी एक उभा जिना जातो. तो चढल्यावर एक ओबडधोबड बोगदा लागतो. पहिल्या दालनाला दुसऱ्याशी जोडायला तो नंतर खोदलेला आहे आणि त्याच्या भिंती तासायची तसदी कोणी घेतलेली नाही. काही ठिकाणी गुडघ्यांवर जावं लागतं. बोगदा पश्चिमेकडच्या मार्गाला मिळतो. होय, या पिरॅमिडाला दोन वाटा आहेत, एक उत्तरेची आणि एक पश्चिमेची. पश्चिमेचं दार बाहेरून ३३ मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि ते वापरात नाही. त्या मार्गावर चोरांना अडवण्यासाठी दगडी सरकदारं केलेली होती. ती वरून खाली पडण्याऐवजी बाजूने तिरकी घसरत येणारी होती. ती जागा ओलांडली की वरचं दालन. त्यात अजूनही देवदाराचे जुने वासे भिंतींमध्ये आडवे बसवलेले दिसतात. लेबनॉनकडून आलेलं हे लाकूड तिथे साडेचार हजार वर्षं टिकून आहे. तडे जाणाऱ्या भिंतींना आधार म्हणून ते घातले असावेत, असा एक तर्क आहे. हात लावू नका.

वरच्या दालनात वटवाघळं असतात आणि त्यांचा वासही. घाबरायचं कारण नाही, प्रकाशझोत त्यांच्यावर रोखू नका म्हणजे झालं.

वाऱ्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. १८३९ मध्ये जॉन पेरिंग या इंग्रज अभियंत्याचे मजूर हा उत्तरेचा मार्ग उपसत होते. उष्म्याने जीव नकोसा झालेला असताना आतून एकाएकी गार वारा वाहू लागला आणि दोन दिवस वाहत राहिला. पुढे फखरींनीही वाऱ्याच्या दिवशी आत आवाज येत असल्याची नोंद केली. यावरून गुप्त दालनांच्या चर्चा बऱ्याच झाल्या. २०१६ मध्ये अंतराळातले किरण वातावरणावर आदळून तयार होणाऱ्या म्यूऑन कणांच्या साहाय्याने या पिरॅमिडाचा आतून वेध घेतला गेला. वरचं ज्ञात दालन त्यात स्पष्ट दिसलं. त्याच्या तोडीचं दुसरं मोठं दालन काही दिसलं नाही. तरी दारातला पहारेकरी तुम्हाला गुप्त खोलीबद्दल सांगेलच.

बक्षिसी

पहारेकरी आणि पर्यटक पोलीस इथे तुमच्यासोबत चालू लागतात. कोणी विजेरी दाखवतो, कोणी फोटो काढून देतो, कोणी ‘खास जागा’ दाखवायला हात हलवतो. मदत खरंच झाली असेल तर दहा-वीस पौंड द्या, हसून शुक्रान, म्हणजे धन्यवाद, म्हणा. मदत नको असेल तर पहिल्या मिनिटालाच ‘ला, शुक्रान’ (नको, धन्यवाद) म्हणा आणि चालत राहा. आधी सेवा घ्यायची आणि शेवटी नाही म्हणायचं, यातूनच वाद होतात. दोरीने बंद केलेल्या जागेत कोणी पैसे घेऊन नेत असेल तर जाऊ नका, पहारेकऱ्याने स्वतः सांगितलं असलं तरी. जागा बंद असण्यामागे अनेकदा सुटलेले दगड असतात.

लाल पिरॅमिड

वर आलात की मांड्या थरथरत असतील. सावलीत बसा, खजूर खा, पाणी प्या, मग लाल पिरॅमिडाकडे चला. त्याचा कल तळापासून शेंड्यापर्यंत ४३ अंशांचा, म्हणजे वाकलेल्याच्या वरच्या भागाचाच कोन. शिकलेला धडा इथे पायापासून वापरला. तळ मात्र २२० मीटरचा. गुळगुळीत बाजूंचा, पुरता यशस्वी झालेला हा पहिला मोठा पिरॅमिड.

एका दिवसात दोन्हींच्या आत जाणं धडधाकट माणसाला जमतं, तरी एकच निवडायचा असेल तर मी वाकलेला निवडेन. लाल पिरॅमिडाचं दार २८ मीटर उंचीवर आहे. तिथवर चढा, मग साठेक मीटर उतरा. आतली तीन दालनं सुरेख आहेत, मात्र अमोनियासारखा उग्र वास डोळ्यांना झोंबतो. मास्क इथे लावा. आत गेला नाहीत तरी पूर्वेच्या बाजूला जा. तुकडे जुळवून उभा केलेला पिरॅमिडाचा शेंड्याचा दगड तिथे जमिनीवर ठेवला आहे.

दुपार आणि पुढे

दाहशूरला जेवायची धड सोय नाही. सक्काराच्या रस्त्यावर हॉटेलं आहेत. शाकाहारी असाल तर फूल म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ, तामिया म्हणजे त्याच दाण्यांचे तळलेले वडे, आणि कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी आणि तळलेला कांदा, यांवर आरामात निभावतं. सक्काराला स्नेफेरूच्या आधीच्या जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड पाहताना आता तुमच्या लक्षात येईल, की स्नेफेरूच्या कारागिरांनी सुरुवात कुठून केली होती. मेम्फिसचा आडवा रामसेस, म्हणजे त्या राजाचा आडवा पडलेला प्रचंड पुतळा, वेळ उरला तरच.

हातात आणखी एक दिवस असेल तर मेदुमला जा. दाहशूरच्या दिवसातच ते कोंबू नका, दोन्हीकडे धावपळ होते. मेदुमला बाहेरचे थर गळून पडून उरलेला तीन टप्प्यांचा बुरूज ढिगाऱ्यातून वर आलेला दिसतो. तो फैयूम या मरूद्यानाच्या वाटेवर आहे, म्हणून फैयूमची सहल करणाऱ्यांना सोयीचा. गाडी ठरवताना मेदुमचं नाव नकाशावर बोट ठेवून दाखवा. कैरोच्या अनेक चालकांना ती वाट ठाऊक नसते आणि ते होकार मात्र लगेच देतात.